वनरक्षकाला पाठबळ द्यायचे म्हणजे नेमके काय द्यायचे?

सत्तरीकर :
जानेवारी २०२० मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात, सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले, तेव्हा सर्वांनी वन खात्याला धारेवर धरले. पण दोनशे चौरस किलोमीटरहून मोठ्या या रानात पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला आपण काय देतो, हे फार थोड्यांनी विचारले. फासकी (जनावर अडकवणारा तारेचा फास) लावणारा रात्री येतो, त्याला प्रत्येक पाऊलवाट ठाऊक असते आणि कधी त्याच्याजवळ बंदूकही असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी तीन महिन्यांत हे रान व्याघ्र क्षेत्र (वाघांसाठी राखीव वन) म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ते क्षेत्र झाल्यास केंद्राचा निधी मिळेल आणि त्यातला पहिला वाटा गस्तीची माणसे, बिनतारी संच, वाहने आणि विमा यांवर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोंगरमाथा :
सत्तरीकर बाब, आपली कळकळ मान्य. पण उदाहरण आपल्याच विरोधात जाते. गोळावलीत अटक झाली ती कोणा तस्कर टोळीला नव्हे, तर गुरे पाळणाऱ्या स्थानिक कुटुंबातील माणसांना, आणि कारण होते वाघाने मारलेली गुरे. मेलेल्या जनावरावर गुपचूप विष टाकणाऱ्याला बिनतारी संच कसा अडवणार? १९९९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, त्यानंतर रानात राहणाऱ्यांना जमिनीचे हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा आला, तरी अनेकांचे दावे अद्याप निकाली निघालेले नाहीत. ज्या वनरक्षकाकडे गावकरी आपल्याला उठवायला आलेला माणूस म्हणून पाहतात, त्याला वाघाची किंवा फासकीची खबर कोण देणार?

सत्तरीकर :
गुरे गेल्याच्या संतापाने विषाचा उलगडा होतो, गोळावलीतील मेलेल्या वाघाच्या काढून घेतलेल्या नखांचा होत नाही. शिवाय २००९ मध्ये केरी येथे वाघ मारला गेला तो फासकीत अडकल्यावर. रानडुकरासाठी म्हणून लावलेल्या तारेत बिबटाही सापडतो, आणि ती तार शोधून काढायला रोज रान तुडवणारा माणूसच लागतो.

काणकोणकार :
आमच्याकडे काणकोणात गालजीबागेच्या किनाऱ्यावर, तसेच पेडण्यात मोरजीला, सागरी कासवांच्या घरट्यांवर स्थानिक माणसेच पहारा देतात. किनारा ज्यांचा, पगारही त्यांनाच, म्हणून राखण टिकली. सत्तरीतही गस्तीची नोकरी गुरे पाळणाऱ्या धनगरवाड्यावरच्या तरुणाला का मिळू नये?

डोंगरमाथा :
जरूर मिळावी, फक्त कासव कोणाची म्हैस मारत नाही, हा फरक लक्षात असू द्यावा. माझी सूचना वेगळी आहे. गुराच्या मृत्यूचा पंचनामा करायला जो वनरक्षक येतो, त्यालाच भरपाईचा पहिला हप्ता जागेवर देण्याचा अधिकार द्या. उरलेली चौकशी कार्यालयाने सावकाश करावी. खात्याचा माणूस नोटिशीऐवजी पैसे घेऊन आला, तर पुढच्या वेळी विषाची बाटली काढण्याआधी लोक त्याला बोलावतील, आणि संरक्षण म्हणून त्याचा उपयोग बंदुकीहून अधिक होईल.

सत्तरीकर :
हप्ता जागेवर देण्यास माझी हरकत नाही. मात्र खोटा दावा मंजूर करून घेण्यासाठी वनरक्षकावर गावातूनच दबाव येईल. त्याच्या हाती पैसा देणार असाल, तर पंचनाम्याला पशुवैद्य आणि पंचायतीचा प्रतिनिधी हजर असणे बंधनकारक करा. तसेच पंचनाम्यात त्याचा दिवस जाईल, तेव्हा त्याच्या वाट्याच्या गस्तीला दुसरा माणूस नेमावाच लागेल.