'डिलिव्हरी' आणि 'डिप्लॉयमेंट', दोन्हीला 'वितरण'च?

बोरूबहाद्दर: डिप्लोमाच्या मुलांसाठी डेव्हऑप्सवर (सॉफ्टवेअर लिहिणारे आणि चालवणारे यांनी मिळून काम करायची पद्धत) मराठी टिपणं करतोय. 'कंटिन्युअस इंटिग्रेशन'ला 'सतत एकत्रीकरण' लिहून सुटलो, पण पुढच्याच ओळीत 'कंटिन्युअस डिलिव्हरी' आणि 'कंटिन्युअस डिप्लॉयमेंट' शेजारीशेजारी. जुन्या टिपणात दोन्हीला 'सतत वितरण'! डिलिव्हरीत कोडमधला प्रत्येक बदल चाचण्या पार करून तयार उभा असतो, प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या चालू प्रणालीवर, सोडायचं बटण माणूस दाबतो. डिप्लॉयमेंटमध्ये चाचण्या हिरव्या झाल्या की बदल आपोआप लोकांपर्यंत जातो. काय लिहू?

ताकभात: शुक्रवारी रात्री फोनवर 'डिलिव्हरी अडकलीय' म्हणालो, तर आई स्वयंपाकघरातून, "कुणाची रे? सिझर करतायत का?"

शुद्धमती: मुळात 'सतत' नको, 'संतत' हवं. सतत म्हणजे पुन्हापुन्हा, संतत म्हणजे खंड न पडता. संततधार आठवा. गणितातही संतत फलनच आहे. नाहीतर सरळ 'अखंड' लिहा.

खडूफळा: सतत आणि संतत एकच हो. सम् + तत. तिथला म् विकल्पाने गळतो. सहित-संहित तसंच. आणि 'अखंड' तर साफ चूक. कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणजे प्रत्येकाने आपला छोटा बदल दिवसातून एकदा तरी मुख्य शाखेत, म्हणजे कोडच्या सामायिक प्रतीत, मिसळायचा, दर वेळी बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) आणि चाचण्या चालवायच्या, एवढंच. हरिनाम सप्ताह नाही.

बोरूबहाद्दर: बरं. डिप्लॉयमेंटला 'तैनाती' चालेल?

ताकभात: तैनाती फौज! वसईचा तह, १८०२. फौज दुसऱ्याची, खर्च आपला. क्लाउडचं बिल पाहिल्यापासून मला हा शब्द फार पटतो.

चारीवरचा: आमचे आजोबा कालव्यावर पाटकरी होते. पाणी चारीच्या दारापर्यंत येऊन थांबतं, दार उचलायचं पाटकऱ्याने. ही तुमची डिलिव्हरी. दारच काढून टाकलं आणि पाणी थेट वाफ्यात गेलं, की डिप्लॉयमेंट. घरपोच चालतं ना? मग 'दारपोच' आणि 'वाफापोच' लिहा. रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर सोडण्याला, 'आवर्तन'. धरणातून आवर्तन सुटलं असंच म्हणतो आम्ही.

शुद्धमती: वाफापोच?? आणि आवर्तन म्हणजे तेच पुन्हा. अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात, त्यात नवीन काही येत नाही. रिलीजमध्ये येतं.

खडूफळा: मग 'आवृत्ती' कशी चालते? धातू तोच, वृत्.

चारीवरचा: पाणीही दर वेळी नवंच असतं, ताई.

ताकभात: २००९ साली बेल्जियममधल्या घेंटला पॅट्रिक डेबोआ यांनी 'डेव्हऑप्स डेज' भरवलं, तिथून हा शब्द रुळला. डेव्हलपमेंटचं डोकं, ऑपरेशन्सचं शेपूट. कुठल्या परिभाषा मंडळाला विचारलं नव्हतं. २०११ मध्ये ओरॅकल कंपनीशी नावावरून वाजलं आणि बिल्ड-चाचण्या आपोआप चालवणाऱ्या 'हडसन' या सॉफ्टवेअरचं 'जेनकिन्स' झालं. दोन्ही बटलरची नावं. आपल्याकडे असतं तर 'रामा गडी'.

शुद्धमती: म्हणजे भाषेचा गडी करायला आपण मोकळे?

बोरूबहाद्दर: मंडळी, टिपणं सोमवारी द्यायची आहेत. ती एक ओळ...

ताकभात: त्याआधी माझी शंका. बिल्ड फसला की आमच्यात तो 'फुटतो' म्हणतात, शेजारच्या टीममध्ये 'तुटतो'. बरोबर काय?

चारीवरचा: फुटतो तो पाट, तुटतो तो दोर. तुमचं नक्की काय जातं, पाणी की बादली?