मदत हवी आहे : 'चपला शिवून घेतो' हे इंग्रजीत कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं छोटं दुकान आहे. बाहेरच्या देशातल्या एका गिऱ्हाइकाचा मेल आलाय. ऑर्डर द्यायच्या आधी विचारतोय, चपला तुम्ही स्वतः बनवता का? खरं सांगायचं तर चामडं आमचं, माप आणि डिझाइन आमचं. तळ शिवणं, कान लावणं, वेणी घालणं हे सगळं गावाकडच्या कारागिरांकडून करून घेतो. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालाय, तेही मेलमध्ये घालणार आहे, त्यामुळं वाक्य नीट पाहिजे.

ही तीन जुळवलीत :

'वुई मेक आर्टिझन्स स्टिच अवर चप्पल्स.'
'वुई गेट आर्टिझन्स स्टिच अवर चप्पल्स.'
'वुई हॅव स्टिच्ड अवर चप्पल्स फ्रॉम आर्टिझन्स.'

पोरगं कॉलेजात आहे, ते म्हणतं पहिलं बरोबर. मला ते वाचून कसंतरीच होतंय. मेल उद्या धाडायचाय.

प्रतिसाद :
दादा, पोराचं व्याकरण बरोबर आहे, पण तेवढं वाक्य पाठवू नका. 'मेक' म्हणजे करायला लावणं, समोरच्याची इच्छा असो नसो. आईनं कारलं खायला लावलं, तिथं 'मेड मी ईट'. कारागिरांना आम्ही जबरदस्तीनं बसवतो असं वाचणाऱ्याला वाटायचं, आणि असले खरेदीदार नेमकं तेच तपासत असतात.

दुसऱ्यात 'टू' राहिलाय : 'वुई गेट आर्टिझन्स टू स्टिच'. त्यात जरा मनधरणीची छटा येते. 'हॅव' घेतलं तर 'टू' नको : 'वुई हॅव आर्टिझन्स स्टिच'. तिसऱ्यात चप्पल 'हॅव'च्या लगेच मागं आणा आणि 'फ्रॉम' काढून 'बाय' घाला : 'वुई हॅव अवर चप्पल्स स्टिच्ड बाय आर्टिझन्स.' तुमच्या क्रमानं त्याचा अर्थ 'आम्हीच शिवल्यात' असा होतो, म्हणजे नेमका उलटा.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. आपण 'मी केस कापले' म्हणतो, न्हाव्याचा उल्लेखही करत नाही. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की स्वतःच कात्री चालवली. तिथं 'आय हॅड माय हेअर कट'. गंमत म्हणजे देवळाबाहेरनं चपला चोरीला गेल्या तरी हाच साचा, 'आय हॅड माय चप्पल्स स्टोलन'. म्हणून कोणी चोराला सुपारी दिली असं होत नाही!

तुमच्या जागी मी असतो तर कारागिरालाच कर्ता केलं असतं : 'लोकल आर्टिझन्स स्टिच अवर चप्पल्स बाय हँड, वुई सप्लाय द लेदर अँड द डिझाइन्स.' विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही सरळ मिळतं.

मूळ प्रश्नकर्ता :
हेच घालतो, लई आभार. अजून एक. शिवण उसवली तर जोड परत पाठवण्यापेक्षा तिकडंच दुरुस्त करून घ्या, पैसे आम्ही देतो, हे कसं लिहू?

प्रतिसाद :
'यू कॅन हॅव देम रिपेअर्ड देअर, अँड वुई विल पे फॉर इट.' 'हॅव'च्या जागी 'गेट'ही चालतं, बोलताना तेच जास्त ऐकू येतं. फक्त दादा, किती डॉलरपर्यंत देणार ते त्याच ओळीत लिहा.