माळ्यावर सापडलेली इंद्रजाल कॉमिक्स: कोणती प्रत जपावी आणि कोणत्या प्रतीला कात्री लावावी?

मूळ प्रश्न (डोंबिवली)

नमस्कार. गेल्या महिन्यात मामांचे रत्नागिरीजवळचे घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत 137 कॉमिक्स निघाली. बहुतेक 'इंद्रजाल' मालिकेतली आहेत, म्हणजे वेताळ (इंग्रजीतला फँटम), मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि थोडा बहादूर. 22 'अमर चित्र कथा' आहेत. साधारण निम्मी मराठी आणि निम्मी इंग्रजी आहेत. मामा आता नाहीत. मामींचे म्हणणे एवढेच, की रद्दीवाल्याला देऊ नकोस, बाकी तुझ्या मनाप्रमाणे कर.

माझ्या अडचणी तीन आहेत. विक्रीच्या जाहिरातींत प्रत्येक जण आपली प्रत 'उत्तम स्थितीत' असल्याचे लिहितो, तेव्हा स्थिती नेमकी कशी ठरवायची, ही पहिली. दुसरी अशी, की बऱ्याच अंकांना मामांनी सेलोटेप लावली आहे आणि ती पिवळी पडून कडक झाली आहे. ती काढावी का? तिसरी अडचण घरातलीच आहे. जी प्रत अगदीच फाटकी आहे तिच्या चित्रांपासून दिव्याची शेड आणि वह्यांची वेष्टने करू, असे मुलगी म्हणते आणि माझा हात धजत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (तीस वर्षे कॉमिक्स जमवणारा, मुंबई)

सर्वप्रथम काहीही दुरुस्त करू नका. सेलोटेप आहे तशी राहू द्या. जुनी टेप ओढली की तिच्यासोबत छपाईचा थर निघतो, आणि टेपचा तेलकट डाग तर कागदात आधीच उतरलेला असतो, तो टेप काढून जात नाही.

दुसरे काम अलगीकरणाचे. कोकणातल्या माळ्यावरची ट्रंक म्हणजे कसर आणि बुरशी या दोन्ही गोष्टी गृहीत धराव्यात. ती कॉमिक्स तुमच्या पुस्तकांच्या कपाटाजवळ नेऊ नका. सावलीत, पंख्याखाली ती पूर्ण सुकू द्या. उन्हात ठेवू नका, कारण उन्हाने रंग उडतो आणि कागद आणखी तांबूस होतो. पानांत जिवंत कसर दिसली, तर सुकलेले अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावेत आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव साचते आणि केलेली मेहनत वाया जाते. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांचा वास पानांतून वर्षानुवर्षे जात नाही.

आता स्थितीविषयी. अमेरिकेत ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-मार्गदर्शिका 1970 मध्ये निघाली आणि तिच्यामुळे स्थितीचे शब्द रुळले. पुढे 2000 मध्ये सीजीसी ही संस्था सुरू झाली. ती कॉमिक तपासून 0.5 ते 10 असा अंक देते आणि प्रत कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. या मोजपट्टीत 9.4 म्हणजे 'निअर मिंट', 6 म्हणजे 'फाइन', 4 म्हणजे 'व्हेरी गुड' आणि 2 म्हणजे 'गुड'. दहापैकी दोन गुण मिळवणाऱ्या प्रतीला तिथे 'गुड' म्हणतात, हे लक्षात ठेवले की जाहिरातींतल्या विशेषणांचा अर्धा तोरा उतरतो. आपल्याकडच्या अंकांसाठी या पट्टीचा आकडा मी कधीच सांगत नाही, दोष सांगतो. 'मुखपृष्ठाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर दोन सेंटिमीटरची घडी, आत बॉलपेनने नाव, पाने पूर्ण' एवढे लिहिले की घेणाऱ्याला जे हवे ते कळते.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. खिडकीजवळ, तिरप्या उजेडात, अंक सपाट टेबलावर ठेवून आधी मुखपृष्ठ पाहावे. घडीवर रंग तडकून पांढरी रेघ उमटली असेल तर तो मोठा दोष; रंग शाबूत असलेली नुसती वाक म्हणजे किरकोळ. मग कणा पाहावा, म्हणजे पिनांजवळ आडव्या बारीक रेघा किती आहेत आणि कण्याचा कागद फाटत चालला आहे का ते. मग पिना. गंजाचा तांबडा डाग कागदात पसरलेला असेल तर त्या जागी कागद ठिसूळ झालेला असतो. शेवटी पाने मोजावीत, आणि मधले जोडपान, म्हणजे अंकाच्या अगदी मधला दुमडलेला दोन पानांचा कागद, हाताने धरून तपासावे, कारण पिनांतून सर्वांत आधी तेच सुटते आणि बहुधा तेच हरवते. मुखपृष्ठ कितीही देखणे असले तरी एक पान कमी असलेली प्रत अपूर्णच. तिच्यापुढे मळकी पण पूर्ण प्रत मी कधीही घेईन. मलपृष्ठावरचे कुपन कापलेले नाही ना, हेही पाहा. त्याच्या मागच्या बाजूला कथेची एखादी चौकट गेलेली असू शकते.

ठिसूळपणा तपासण्यासाठी काही जण पानाचा कोपरा दुमडून पाहतात. असे कधीही करू नये. ट्रंकेच्या तळाशी तांबूस कणांचा भुगा पडलेला असेल तर उत्तर तिथेच मिळते. या अंकांचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा आहे. लाकडातले लिग्निन त्यात राहिलेले असल्यामुळे हवा आणि उजेड लागला की तो आपोआप पिवळा आणि आम्लयुक्त होत जातो. म्हणून नुसता पिवळेपणा हा मामांच्या हेळसांडीचा दोष समजू नका. पानाच्या मध्यभागापेक्षा कडा फार गडद असतील तर मात्र साठवण खराब होती असे म्हणता येते.

तुमच्या संग्रहासाठी विशेष दोन-तीन गोष्टी. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये सुरू केली आणि 1990 मध्ये बंद केली. इंग्रजी मालिकेतले 123 आणि 124 क्रमांकाचे अंक संपामुळे निघालेच नाहीत, तेव्हा ते शोधत बसू नका. मी दोन वर्षे शोधले होते. लेखक-चित्रकार आबिद सुरतींचा बहादूर 1976 पासूनचा, म्हणून ते अंक त्याआधीचे असू शकत नाहीत. 'अमर चित्र कथा'च्या बाबतीत सावध राहावे लागते, कारण तेच शीर्षक त्याच क्रमांकाने अनेकदा पुन्हा छापले गेले आहे. मालिकेतले पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे कन्नड अनुवाद होते आणि 'कृष्ण' हा अकरावा. पण हातातल्या 'कृष्ण'वर 11 छापलेले आहे म्हणून तो पहिल्या आवृत्तीचा ठरत नाही. छापील किंमत पाहा आणि अंकात मालिकेच्या शीर्षकांची यादी छापलेली असेल तर तिच्यात शेवटचे नाव कोणते ते पाहा. पुढच्या काळात निघालेले नाव यादीत असेल तर प्रत पुनर्मुद्रित आहे. सुरुवातीच्या आवृत्त्या पूर्ण रंगीत नव्हत्या, खर्चामुळे पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावर भागवले जाई. अशी प्रत रंग उडालेली समजून बाजूला टाकू नका.

प्रतिसाद २ (पुस्तकबांधणीचा व्यवसाय, पुणे)

वरील प्रतिसाद परिपूर्ण आहे. फक्त बांधणीच्या अंगाने थोडी भर घालतो. पूर्वी भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये आठ-दहा कॉमिक्स एकत्र शिवून पुठ्ठा चढवत, आणि शिवल्यावर तिन्ही बाजू यंत्राने छाटत. असे बाड पुढे कोणीतरी सोडवते आणि सुटे अंक विकायला येतात. कडा अगदी स्वच्छ आणि सरळ दिसतात, त्यामुळे नवख्याला प्रत फार चांगली वाटते. त्याच काळातल्या दुसऱ्या अंकावर ती ठेवून पाहा: दोन-चार मिलिमीटर कमी भरली, किंवा चौकटीची बाहेरची रेघ कडेला चिकटलेली दिसली, की छाटणी झाली आहे. कण्यालगत पिनांखेरीज सुईची भोके असतात, तीही खूण. पांढऱ्या रेघांवर स्केचपेन फिरवलेल्या प्रतीही पाहिल्या आहेत. मुखपृष्ठाची आतली बाजू पाहा, शाई तिथे फुटलेली असते. अमेरिकेत अशा डागडुजी केलेल्या प्रतीला सीजीसी वेगळी जांभळी चिठ्ठी लावते, आपल्याकडे मात्र ती बिनदिक्कत 'नवीकोरी' म्हणून विकली जाते.

पिना गंजून कागद खात असतील तरच काढाव्यात. मधल्या पानावर पिनेचे दुमडलेले पाय बोथट, पातळ सुरीने उभे करून मागून हलकेच बाहेर घ्याव्यात आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याचे टाके घालावेत. फाटलेल्या पानाला गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागदाची पट्टी लावावी, कारण खळ पुन्हा पाण्याने सोडवता येते. फेव्हिकॉल एकदा वाळला की ते पान कायमचे त्याचे झाले.

प्रतिसाद ३ (हस्तकला शिकवणारी, नाशिक)

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी स्वतः कॉमिक्सच्या पानांचे ट्रे, पेट्या आणि वेष्टने केली आहेत, त्यामुळे कात्रीला माझा विरोध नाही. तरीही दिव्याची शेड करू नका, असे सांगेन. हा कागद उजेडानेच काळवंडतो, आणि शेड म्हणजे त्याला रोज पाच तास उजेडात टांगणे. दोन वर्षांत वेताळाचा जांभळा पोशाख राखाडी होईल. शेड हवीच असेल तर पान स्कॅन करून चांगल्या कागदावर छापून घ्या आणि आत एलईडीचाच दिवा लावा. ही छापलेली प्रत घरापुरती ठेवा. त्या वस्तू विकायला काढल्या तर चित्रांच्या हक्कांचा प्रश्न येतो.

पेटी किंवा वेष्टनासाठी मूळ पान वापरणार असाल तर आधी मागची बाजू पाहा. कागद इतका पातळ असतो की गोंद लागताच पलीकडची चित्रे पुढे उमटतात आणि मँड्रेकच्या चेहऱ्यावर कोणत्या तरी गोळ्यांची जाहिरात उलटी दिसू लागते. माझा पहिला ट्रे असाच वाया गेला. पानाच्या मागे आधी पांढरा पातळ कागद चिकटवून ते वजनाखाली सुकवा, मग कापा. शाई पसरते का, ते कडेच्या तुकड्यावर ओला बोळा टेकवून पाहायला विसरू नका.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताईंशी सहमत आहे, फक्त एक अट घालतो. इंग्रजी इंद्रजालची फाटकी प्रत मी मुलीच्या हाती निर्धास्त देईन. मराठी प्रतीच्या बाबतीत थांबा. माटुंग्याच्या पदपथावर आणि फोर्टात इतकी वर्षे फिरताना मला दहा इंग्रजी अंकांमागे एखादा मराठी दिसला असेल. मुखपृष्ठ नसलेला मराठी अंकही दुसऱ्या कोणाच्या अपूर्ण प्रतीतले हरवलेले पान पुरवू शकतो. कापण्याआधी निदान प्रत्येक पान स्कॅन करा.

मूळ प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनी)

सर्वांचे आभार. मुलीसोबत बसून तीन गठ्ठे केले: 61 पूर्ण आणि बऱ्या स्थितीतली, 48 पूर्ण पण केवळ वाचण्याजोगी, 28 अपूर्ण. या 28 पैकी 11 मराठी आहेत, ती बाजूला ठेवली. एका इंग्रजी 'अमर चित्र कथे'ची यादी पाहून ती पुनर्मुद्रित असल्याचे कळले, त्यामुळे एक आनंद कमी झाला.

अडले आहे ते एका मराठी वेताळापाशी. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पाने नाहीत, लोणच्याच्या तेलाचा डाग सातव्या पानापासून अकराव्या पानापर्यंत उतरला आहे. सहाव्या पानाच्या कडेला मामांच्या अक्षरात 'इयत्ता ६ वी ब' लिहिले आहे आणि वेताळाला निळ्या शाईने मिशा काढल्या आहेत. त्याच अंकाची आणखी एक प्रत ट्रंकेत आहे. तिला मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पाने आहेत, पण मधले जोडपान नाही. दोन्ही मिळून एक पूर्ण प्रत करावी का?

प्रतिसाद २ (पुस्तकबांधणी, पुणे)

अवश्य करावी. दुसऱ्या प्रतीला आधार धरा, कारण मुखपृष्ठ तिच्याकडे आहे, आणि मिशावाल्या प्रतीचे मधले जोडपान तिच्यात बसवा. बसवण्याआधी दोन्ही पानांची उंची जुळते का ते पाहा. एक प्रत वाचनालयाच्या बाडातली असेल तर फरक पडेल. तसा फरक दिसला तर लांब पान छाटू नका, तसेच बाहेर डोकावू द्या. नवी पिन मारू नका, जुन्या भोकांतून दोरा घाला.

प्रतिसाद १

आणि जोडलेल्या प्रतीसोबत एक चिठ्ठी ठेवा, आम्लमुक्त कागदावर आणि पेन्सिलीने: 'मधले जोडपान दुसऱ्या प्रतीतून घेतले'. पुढे कोणालाही देताना ती चिठ्ठी सोबत गेलीच पाहिजे. प्रती पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्यांत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवा. वह्यांना लावतात ते पीव्हीसीचे मऊ वेष्टन नको. ते काही वर्षांनी चिकट होते आणि मुखपृष्ठाचा रंग ओढून घेते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदला.

मूळ प्रश्नकर्ता

जोडपान घेतले, उंची जुळली. मिशावाल्या प्रतीची उरलेली पाने स्कॅन करून झाली आहेत. लोणच्याचा डाग नसलेल्या पानांवर मुलीचा डोळा आहे, तिला दोन वह्यांपुरती देतो आहे. सहावे पान मामींना हवे आहे. ते चौकटीत लावायचे असेल तर काच पानाला टेकू नये यासाठी मधे काय घालतात?

प्रतिसाद ३ (नाशिक)

पानाभोवती आम्लमुक्त जाड पुठ्ठ्याची खिडकी कापून घालतात, चौकट करणारे तिला माउंट म्हणतात. दोन मिलिमीटर जाडीची पुरेल. पान मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत, खळ आणि टिश्यूच्या बिजागरीने अडकवा, चारी बाजूंनी चिकटवू नका. चौकट उन्हाच्या भिंतीवर नको. मामींच्या देवघराजवळ लावणार असाल तर समईपासूनही दूर.