मदत हवी आहे: भोरच्या डोंगरी भागातील गावठाणात नूतनीकरण केलेले जुने घर घ्यावे का?

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्याच्या पश्चिम भागात, वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावातील जुने घर विकाऊ आहे आणि निवृत्तीनंतर वर्षातील निदान सहा-आठ महिने तेथे राहावे, असा माझा आणि पत्नीचा विचार आहे. घर गावठाणात आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंती, सागवानी खांब आणि तुळया, मंगलोरी कौले, पुढे ओटी, मधे माजघर, वर माळा अशी त्याची मूळ रचना असून सध्याच्या मालकांनी त्यात फरशी, आधुनिक स्नानगृहे आणि मागील बाजूस एक मोठा सज्जा अशी भर घातली आहे. किंमत ३८ लाख सांगतात. घर मनात भरले आहे, हे लपवत नाही. पण मध्यस्थ याच महिन्यात विसार मागत आहेत आणि माझ्या काही शंका अजून फिटलेल्या नाहीत.

पहिली शंका मालकीची. मला दाखवलेला मुख्य कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, एवढे मला ठाऊक आहे. त्यावर विक्रेते आणि त्यांचे दोन भाऊ अशी तीन नावे आहेत. वडील १९९८ मध्ये वारले आणि दोन बहिणी विवाहित आहेत. त्यांची नावे कोठेही नाहीत. ‘बहिणींनी हक्क केव्हाच सोडला आहे, घराची वाटणीही तोंडी झालेली आहे’, असे विक्रेते सांगतात. परंतु वडिलांच्या हिश्श्यात मुलींचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जित मिळकतीत त्या मुलांच्या बरोबरीच्या हिस्सेदार आहेत. नुसत्या तोंडी वाटणीचा दावा सहसा ग्राह्य धरता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणि खरेदीखतावर तिन्ही भावांच्या सह्या याखेरीज पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. सह्या विसारापूर्वीच घ्याव्यात, की विसारपावतीत तशी अट घालणे पुरेसे होईल? गावठाणातील घरांच्या मोजणीसाठी असलेल्या सरकारी स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणी गावात झाली आहे, मात्र मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) अजून हातात आलेली नाही. ती येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल का?

दुसरी शंका याहून अवघड वाटते. मागचा सज्जा आणि शौचालयाची टाकी गावठाणाच्या हद्दीबाहेर, लगतच्या शेतीच्या गटात गेली असावी, असा मला संशय आहे, कारण शेजाऱ्यांनी दाखवलेला हद्दीचा दगड सज्जाच्या अलीकडे आहे. आम्हा दोघांच्या नावावर शेतजमीन नाही, आणि कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी विक्रेत्यांनी करून द्यावी, असा आग्रह धरणे रास्त आहे ना? मध्यस्थांच्या मते हे ‘उगाच खुसपट काढणे’ आहे.

आता घराविषयी. नूतनीकरण देखणे आहे, पण मातीच्या सांध्यांच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला आहे. या भागात पावसाळा चार महिने तळ ठोकून असतो. जोत्यातून चढलेली ओल अशा भिंतींना एरवी बाहेर टाकता येते, सिमेंटने ती आत कोंडते. माजघराच्या पश्चिम भिंतीवर गुडघ्यापर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले आहेत, बोट फिरवले तर पांढरी भुकटी हाताला लागते आणि ठोकून पाहिले तर गिलावा पोकळ वाजतो. हा लोणाच (ओलीबरोबर भिंतीवर येणारा क्षार) आहे ना? त्याहून चिंता खांबांची आहे. जुन्या पद्धतीत सागवानी खांब दगडी तळखड्यावर, जमिनीच्या वर उभा असतो. येथे जमीन उंचावून फरशी थेट लाकडाला भिडवली आहे, त्यामुळे तळखडे गाडले गेले आहेत आणि खांबांचे बुंधे फरशीखाली दिसेनासे झाले आहेत. ओल आणि वाळवी आत असेल तर ती कळणार कशी? बुंध्याभोवतीची एक फरशी काढून पाहू द्या, असे विक्रेत्यांना सांगणे अवाजवी होईल का?

सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केलेल्या कोणाचा अनुभव असल्यास खर्चाचा अंदाज आणि लागलेला काळ जरूर लिहावा. भोर, वाई किंवा महाड बाजूला चुन्याचे काम जाणणारे गवंडी अजून मिळतात का, हेही कळले तर बरे. घरामागे चढ आहे. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडींच्या घटनांनंतर त्याकडे डोळेझाक करणे शक्य नाही, म्हणून भूवैज्ञानिकाकडून एकदा पाहणी करून घेणार आहेच.

या भागात प्रत्यक्ष घर घेतलेल्यांनी आणि दिवाणी बाजू जाणणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. गावठाणातील मिळकतीवर कर्ज देण्यास एका बँकेने आधीच असमर्थता दर्शवली आहे, त्यामुळे पैसे आमच्याच पुंजीतून जाणार आहेत.