मदत हवी आहे: मामांची पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) आत्ता करावी की थांबावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

माझे धाकटे मामा, वय ५७, सियागंजात लोडिंग रिक्षा चालवतात. चार वर्षांपूर्वी मोठे मामा प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरनं गेले. कंबर दुखते म्हणून वर्षभर तेल चोळलं, पट्टा बांधला. कळलं तेव्हा हाडांत उतरला होता. सख्ख्या भावाला झाला असेल तर धोका साधारण दुप्पट, हे वाचल्यापासून मी धाकट्यांच्या मागे आहे. ते म्हणतात, "पेशाब बढिया होतोय ना, मग काय लफडं?" मामी म्हणते, रात्री तीनदा दिवा लागतो. दिवसा तर ते पाणीच पीत नाहीत, रिक्षा सोडून जाणार कुठे!

मोहल्ल्यात शिबिर झालं, त्यात शुगर, बीपी आणि तोंडात टॉर्च. सरकारी तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख एवढेच कॅन्सर आहेत. लॅबवाला सहाशे सांगतो, म्हणजे मामांची दिवसाची कमाई. ते मी देईन. कसेबसे तयार झालेत, अट एकच: "बोट घालू देणार नाही" (डॉक्टर गुदद्वारातून प्रोस्टेट चाचपतात ते).

पण गेल्या आठवड्यात लघवीला आग आणि ताप आला. इन्फेक्शन निघालं, गोळ्या चालू आहेत. मन बदलायच्या आत आत्ताच रक्त देऊन टाकू का? आणि आयुष्मान कार्ड चालेल का?

प्रतिसाद:
आत्ता अजिबात नको. मी लॅबमध्येच आहे, रोज बघते. इन्फेक्शनमध्ये पीएसए चढतो आणि घरभर रडारड होते. गोळ्या संपल्यावर निदान सहा आठवडे जाऊ द्या. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानं आकडा निम्म्यावर येतो. ४ च्या वर आला म्हणजे कॅन्सरच असं नाही, वयानं प्रोस्टेट ग्रंथी वाढली तरी चढतो. पुन्हा तपासून मग एमआरआय, लागलीच तर बायोप्सी. काही कॅन्सर इतके हळू वाढतात की नुसती नजर ठेवतात, हेही आधीच सांगून ठेवा. रात्री उठणं बहुधा साध्या वाढीचं असतं. सुरुवातीचा कॅन्सर गप्प असतो, म्हणून 'पेशाब बढिया' याला अर्थ नाही. बोटावरून भांडू नका, आधी रक्त तर देऊ द्यात. कार्ड भरती झाल्यावरचं, ही तपासणी खिशातूनच. मात्र लघवीत रक्त आलं किंवा कंबर धरली तर सहा आठवडे मोजत बसू नका, सरळ युरॉलॉजिस्ट गाठा.

धागाकर्ता:
आभार ताई. म्हणजे गेर (रंगपंचमीची मिरवणूक) उलटून जाणार, तोवर मामा फिरलेच समजा. मामीनं कॅलेंडरवर खूण केलीय, रॉकेलच्या तारखा लिहायची तिथंच.