मैत्रीण स्वतःला इजा करून घेते, आणि हे फक्त मलाच माहीत आहे. मदत हवी आहे

गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं आहे, एवढं पुरे.

मी २२ वर्षांची, ती २१. आठवीपासून एका बाकावर, आता एकाच एसटीने तालुक्याच्या कॉलेजात. मे महिन्यात आमच्याकडे ऊन कसं असते ते सांगायला नको, तरी ही पूर्ण बाह्या घालून. मी गमतीने म्हटलं, "काहून वं, थंडी वाजून राहिली का?" ती हसली नाही. दोन दिवसांनी स्टँडवर स्वतःच बोलली. "मरायचं नाई मले. आत लय भरून आलं की असं केल्यावर घडीभर मोकळं वाटते." आणि लगेच, "कोनाले सांगशीन तर तुह्याशी बोलनार नाई."

मी शपथ घेऊन बसले.

पूर्वी तिच्या आम्ही चौघी मैत्रिणी होतो. दोघींची लग्नं झाली, एक पुण्याला कंपनीत गेली. उरले मी. तिच्या घरी कपाशीचं कर्ज आहे आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे. आईला कळलं तर पहिला प्रश्न "पाहुणे काय म्हनतीन" हाच येणार. गावची आशा सेविका तिची चुलतकाकू. त्यामुळे आरोग्य केंद्रात पाय ठेवला की संध्याकाळपर्यंत पारावर बातमी.

माझ्याकडूनही चुका झाल्या. आधी रोज "हात दाखव" म्हणायचे, तर ती ती गाडीच चुकवायला लागली. मग "माझी शपथ आहे, पुन्हा करायचं नाही" असं वदवून घेतलं. तिने केलंच, फक्त पंधरा दिवस माझ्यापासून लपवलं. आता रात्री एकला मेसेज येतो. रेंज फक्त गच्चीवर, म्हणून मी गच्चीवर झोपते. खरं सांगू, कधीकधी तिचा रागही येतो, मग स्वतःची लाज वाटते.

तिच्या आईला सांगू का? गावाला न कळता डॉक्टर कुठे भेटेल? आणि रात्री मी नेमकं बोलू काय?

——

पांदण: मी यातून गेलोय, सतराव्या वर्षापासून पाच-सहा वर्षं. लोक म्हणतात दाखवायला करतात. अरे, दाखवायचं असतं तर उन्हाळ्यात बाह्या कशाला ओढल्या असत्या? ताई, "आज केलं का" विचारणाऱ्याला मी टाळायचो. मावसभाऊ मात्र येऊन बैलांचं, क्रिकेटचं बोलत बसायचा, खरं त्यालाच सांगितलं. जखम विचारू नका, दिवस कसा गेला ते विचारा. ती उबळ लाटेसारखी चढते आणि उतरतेही, तेवढा वेळ फोनवर राहिलात तरी खूप झालं. पण औषध तुम्ही नाही. मला फरक पडला तो दुसरा माणूस आणि डॉक्टर मिळाल्यावर. तुमच्या त्या पुण्यातल्या मैत्रिणीला सांगू का, हे तिलाच विचारून बघा.

सिस्टर_वर्धा: सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आपल्या भागातून रोज कोणी ना कोणी कशासाठी तरी सेवाग्रामला जातंच, त्यामुळे कोणी विचारत नाही. ती सज्ञान आहे, तपासणीला आईबाप सोबत लागत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तिच्यासाठीच नाही, तुम्हीही लावा.

आईचं म्हणाल तर तिच्या पाठीमागे सांगू नका, तिला सोबत घेऊन सांगा, घाई नाही. मात्र "मरायचं नाही" हे आजचं खरं असलं तरी असं करणाऱ्यांना पुढे तो धोका जास्त असतो. मरणाची भाषा आली किंवा जखम मोठी दिसली तर शपथ गेली खड्ड्यात. तिला एकटं सोडायचं नाही, १०८ लावायचा, घरच्यांना उठवायचं. फवारणीची औषधं घरात असतील तर ती आजच कुलपात जाऊ द्या. आता तर हंगामच आहे, निमित्त शोधावं लागणार नाही.

——

धागाकर्ती: काल गच्चीवरून १४४१६ लावला, माझ्याचसाठी. अर्धा वेळ रडलेच. आज स्टँडवर तिला सेवाग्रामचं म्हटलं, शपथ मोडते की काय अशी भीतीही बोलून दाखवली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू येशीन तर पाहू." बुधवारी जातो आहोत. घरी चष्म्याचा नंबर काढायचा सांगायचं, हे तिनेच सुचवलं.