१९६६ जीटीओ, ट्राय-पॉवर: तीन कार्बोरेटर ठेवू की काढू? सल्ला हवा

ट्रॉयकर
नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. यंदा हिवाळ्यात १९६६ची पॉन्टिॲक जीटीओ घेतली. ३८९ घनइंचाचं इंजिन, चार गिअरची मॅन्युअल आणि वर तीन रॉचेस्टर टू-बॅरल (दोन तोंडांचे) कार्बोरेटर, म्हणजे ट्राय-पॉवर. आधीचा मालक म्हणाला, कार्बोरेटर पूर्ण रिबिल्ट आहेत. दिसतातही मुंजीच्या भांड्यांसारखे लखलखीत. पण:

आयडलिंग (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) हजार आर.पी.एम.च्या खाली येतच नाही. मधल्या कार्बोरेटरचा आयडल स्क्रू पूर्ण सैल सोडला तरी तेच.
हळूहळू रेस दिली तर मस्त पळते. पाय दाबला की मध्येच हबकते, क्षणभर धरतच नाही, मग एकदम उसळते.
गरम झाल्यावर बंद केली तर पंधरा-वीस मिनिटं चालू व्हायचं नाव नाही.

इथला एक मेकॅनिक म्हणतो, "हे लोढणं काढा, एक फोर-बॅरल टाका, सुखी व्हा." ऑगस्टमध्ये वूडवर्ड ड्रीम क्रूझला (इथला जुन्या गाड्यांचा मेळावा) न्यायची इच्छा आहे. काय करू?

पुणेरी_पाना
मी जावा आणि पद्मिनीवाला, आठ सिलिंडरला हात लावायचा योग आला नाही. तरी विचारतो, टायमिंग बघितलं का? डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचा गॅप? कार्बोरेटरच्या नावाने रडणाऱ्या निम्म्या गाड्यांचा आजार डिस्ट्रिब्यूटरमध्ये निघतो. तो आधी बघा आणि मगच वरचे स्क्रू फिरवा, नाहीतर दोन्हीकडचं बिघडेल आणि कशाने बिघडलं ते कळणारच नाही.

ओहायोचे_आबा
पानासाहेब बरोबर बोलतात. ट्रॉयकर, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३० अंशावर आणा. डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून बुजवा आणि मूळ टायमिंग ६ अंश आहे का ते बघा. ते जमलं की पुढचं वाचा.

तुमचा पहिलाच मुद्दा सगळं सांगून जातो. या गाडीत तीन कार्बोरेटर दिसतात, पण रोजच्या चालवण्यात ती एकाच कार्बोरेटरची गाडी असते. चोक मधल्यालाच, आयडलिंगची वाट मधल्यालाच, मिक्श्चरचे स्क्रूही मधल्यालाच. पुढचा-मागचा झोपलेले असतात, मधला बराच उघडल्यावर लिंकेज (कार्बोरेटर जोडणारे रॉड) त्यांना ओढून उठवतं. आयडलला त्यांच्या पाकळ्या (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या थ्रॉटलच्या चकत्या) पूर्ण मिटलेल्या हव्यात. मधला बंद करूनही आर.पी.एम. उतरत नाही याचा अर्थ इंजिनला हवा दुसरीकडून मिळतेय, आणि दहापैकी आठ वेळा ती या दोघांतून मिळते.

खात्री करायला सोपी युक्ती आहे. दोन्ही टोकांचे कार्बोरेटर उतरवा, पातळ पत्र्याच्या बिनभोकाच्या पट्ट्या कापून गॅस्केटसकट त्यांच्या बुडाखाली घाला आणि पुन्हा बसवा. लिंकेज सोडून ठेवा. आता तुमच्याकडे साधी टू-बॅरल गाडी आहे. ती नीट आयडल झाली तर चोर सापडला. नाहीच झाली तर मधल्याचा थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे पाकळ्या बसवलेला दांडा, बघा. कायम कामाला तोच जुंपलेला असल्यामुळे झिजतोही तोच. शाफ्ट वरखाली हलत असेल तर नवं किट घालून काही उपयोग नाही, बॉडी बोअर करून ब्राँझचे बुश बसवावे लागतात. "रिबिल्ट" म्हणून विकलेल्या बहुतेक कार्बोरेटरमध्ये नेमकं हेच टाळलेलं असतं, कारण चकाकी फोटोत दिसते, बुश दिसत नाही.

गाडी असं एकट्या मधल्यावर चालत असतानाच तो पक्का लावून घ्या. मिक्श्चरचे स्क्रू हलकेच आत टेकवा (दाबू नका, टोकाला खाच पडते), दीड-दीड आटे बाहेर काढा आणि व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही थोडेथोडे फिरवत सुई सर्वात वर जाईल तिथे थांबा. सुई किती वर जाते यापेक्षा ती स्थिर राहते का ते बघा. घाई करू नका. आठवडाभर गाडी अशीच चालवली तरी चालेल, ३८९ला ताकदीची कमी नाही.

मग टोकाचे दोघे. पाकळी उजेडासमोर धरा. कडेने उजेडाची रेघ दिसली तर पाकळीचे स्क्रू सैल करून ती भोकात आपोआप बसू द्या, बोटाने धरून पुन्हा कसा. कारखान्यात या स्क्रूंची मागची टोकं चेपलेली असतात. ती कानसून घेतल्याशिवाय स्क्रू काढायला जाऊ नका, शाफ्टमधले आटे जातील. बसवताना लॉकटाइट हवंच. तो स्क्रू सुटला तर सरळ सिलिंडरमध्ये जातो.

हबकण्याबद्दल: लिंकेज दोघांना एकाच क्षणी उघडतंय का बघा. पुढचा आधी आणि मागचा नंतर असं होत असेल तर रॉडची लांबी जुळवा. फार लवकर उघडत असतील तरी हीच तक्रार येते. आणि दोघांचे ॲक्सिलरेटर पंप (पाय दाबताच पेट्रोलची जादा धार मारणारे) तपासा. इंजिन बंद असताना वरून बघत हाताने थ्रॉटल उघडा, दोन्ही बॅरलमध्ये धार लगेच आणि जाड पडली पाहिजे. हे दोघे वापरात कमी, त्यामुळे त्यांच्या वाटीत पेट्रोल शिळं होऊन चिकटा धरतं आणि पंपाचा कप वाळतो. गाडी नीट झाल्यावरही अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पाय पूर्ण दाबत जा. बायकोला सांगा, देखभालीचा भाग आहे.

सिक्सपॅक_जर्सी
आबांशी सहमत, फक्त वाचणाऱ्या मोपारवाल्यांसाठी (क्रायस्लरच्या गाड्यावाल्यांसाठी) भर. माझ्याकडे ४४० सिक्स पॅक आहे, १९७०ची. तीन कार्बोरेटर असले तरी जात वेगळी. हे होली २३००, आणि टोकाचे दोघे रॉडने नाही, व्हॅक्यूमच्या डायफ्रामने उघडतात. जो रॉड दिसतो तो त्यांना बंद करण्यासाठी. कुणी तरी "सुधारणा" म्हणून तो घट्ट जोडून मेकॅनिकल करून ठेवतो आणि मग गाडी खालच्या वेगाला गुदमरते.

डायफ्राम फाटलाय का ते पाहायची रीत: इंजिन बंद ठेवून पाकळ्या हाताने उघडा, व्हॅक्यूमच्या तोंडावर बोट ठेवा आणि सोडा. पाकळ्या अडून राहिल्या तर डायफ्राम ठीक. खटकन मिटल्या तर फाटलाय.

ट्रॉयकर, तुमची मॅन्युअल आहे म्हणजे लिंकेज मेकॅनिकल असणार, पण आधीच्या मालकाने काय जोडलंय ते एकदा डोळ्यांनी बघा.

व्यवहारी_विदर्भ
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मेकॅनिक चुकीचं काय म्हणाला? जनरल मोटर्सनेच १९६७पासून कॉर्व्हेट-कॉर्व्हेअर सोडून बाकी गाड्यांचे अनेक कार्बोरेटर बंद केले. पॉन्टिॲकने ४००च्या इंजिनावर एकच क्वाड्राजेट (रॉचेस्टरचा फोर-बॅरल) टाकला आणि एच.ओ. या जास्त ताकदीच्या इंजिनात आकडा ट्राय-पॉवरचाच ठेवला, ३६० हॉर्सपॉवर. तीनाचं काम एकाने होतंय तर तीन वेळा गॅस्केट कशाला बदलायचे? एक चांगला फोर-बॅरल आणि त्याचा मॅनिफोल्ड टाका, ट्राय-पॉवर खोक्यात भरून माळ्यावर ठेवा.

ओहायोचे_आबा
रोज कामावर न्यायची गाडी असती तर मीही हेच म्हटलं असतं. पण ही मूळची ट्राय-पॉवर असेल तर तिची अर्धी किंमत त्या मॅनिफोल्डवर बसलीय. ट्रॉयकर, आधी ते ठरवा. १९६६च्या व्ही.आय.एन.ची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) सुरुवात २४२ असेल तर गाडी खरी जीटीओ. कार्बोरेटर किती होते ते मात्र त्यात कळत नाही. त्यासाठी इंजिनच्या समोर, प्रवाशाच्या बाजूला हेडखाली दोन अक्षरं कोरलेली असतात. मॅन्युअल ट्राय-पॉवरची अक्षरं डब्ल्यू.एस. त्यावर पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या बिलाची प्रत मागवा, म्हणजे वाद उरणार नाही. नंतर कुणी बसवलेला सेट निघाला तर विदर्भांचं ऐका, मी आडवा येणार नाही.

ट्रॉयकर
सर्वांचे आभार. अक्षरं डब्ल्यू.एस.च आहेत, कागद मागवलेत. पट्ट्या घालून पाहिलं: आयडलिंग ताबडतोब खाली आलं, आणि मधला स्क्रू पहिल्यांदाच ऐकायला लागला. मागच्या कार्बोरेटरची एक पाकळी उलटी बसवलेली निघाली. कडेची उतरण भलत्या बाजूला, मिटणार कशी?

आता गरम असतानाचं सांगा. आणि इथे नव्वद ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते घालू का?

ओहायोचे_आबा
वाटीतलं पेट्रोल उकळतंय. आजचं पेट्रोल तेव्हाच्यापेक्षा लवकर वाफ धरतं, त्यात पॉन्टिॲकच्या मॅनिफोल्डमध्ये कार्बोरेटरच्या बुडाखालून एक्झॉस्टची गरम वाट जाते. इंजिन बंद झालं की सगळी धग वर चढते. मॅनिफोल्डचं गॅस्केट बदलताना ती वाट बंद करणारं घ्या आणि कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटिंग गॅस्केट घाला. वाट बंद केली की थंडीत चोक उशिरा उघडेल, त्याची तयारी ठेवा. तोवर गरम असताना चालू करायची पद्धत: पाय न झटकता थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. झटके दिलेत तर तिन्ही पंप आधीच ओल्या इंजिनात आणखी पेट्रोल ओततील.

नव्वद ऑक्टेन चालवायला नको. तुमचं कॉम्प्रेशन १०.७५ला १ आहे, चढावर टिकटिक करेल आणि पिस्टन खाईल. पंपावरचं ९३च घाला. नव्वदवालं हिवाळ्यात गाडी झाकून ठेवण्याआधी शेवटच्या टाकीला उत्तम, वाट्या स्वच्छ राहतात. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं हलकं पडतं, म्हणून प्लग पांढरे दिसले तर मधल्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) एक नंबर वाढवा. रॉचेस्टरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात, त्यामुळे एका नंबरात फार काही बिघडत नाही. पंपाचे कप आणि निडल इथेनॉल सोसणारे मागा.

मेघना_त
वाचतेय. बाबांची १९६५ आहे, तिचे टोकाचे कार्बोरेटर कित्येक वर्षं तारेने बांधून ठेवलेत. पट्ट्यांची युक्ती या शनिवारी. पत्रा किती जाड घेऊ?

ट्रॉयकर
मी बिस्किटांच्या डब्याचा कापला, पुरला. वर-खाली दोन्हीकडे गॅस्केट घाला, नाहीतर तिथूनच हवा घेईल. आणि ती तार सोडल्यावर परतीच्या स्प्रिंग जागेवर आहेत का ते आधी बघा. टोकाचे उघडेच अडकले तर ब्रेकवर उभं राहावं लागेल.